भागिले दोन

घोडा माझा, म्हणून मीही गेले.
चोल्पोन म्हणाली, रोजाचे आठशे सोम, घोड्याचे वेगळे.
मी म्हटलं, घोड्याचे आधी ठरव.

तोरूच्या पाठीवर दोन बॅटऱ्या, एक पेटी,
केबलचं भेंडोळं,
आणि माझ्या तळलेल्या बोर्सोकांची पिशवी,
जी हिमनदीवर पोचेतो निम्मी झाली होती.

बर्फावर त्यांनी लांबच लांब तारा सोडल्या,
एक पुढे, एक मागे, मधे घसरगाडीवर पेटी,
आणि चोल्पोन अन् तो पोरगेला तिलेक ती ओढत चालले,
नांगरट केल्यासारखे,
पण काही न उकरता.

"दिसतंय का तळाचं?"
"दिसत नाही. ऐकू येतं."
पेटी खाली हाक मारते, तळचा खडक ओ देतो.
एका सेकंदाचे दहा लाख तुकडे करायचे,
त्यातला एक जायला, एक यायला.
"एवढ्याशा वेळात मोजता काय?"
"तेच मोजतो. मग भागिले दोन."

दोन का, ते तिनं हवेत बोट नेऊन आणून दाखवलं.
जाणं एक, येणं एक.
खोली म्हणजे नुसतं जाणं.

एकशे अडुसष्ट मीटर निघाली.
आमच्या गावची चाळीसही घरं
एकावर एक रचून आत उभी केली असती
तरी वर बर्फ उरलाच असता.

दुसऱ्या दिवशी घण.
आधी कांदे लावावेत तसे ओळीनं कान रोवले बर्फात,
चोवीस.
मग कुणी चालायचं नाही, खोकायचं नाही,
पिशवीत हात घालायचा नाही.
तिलेकनं घण उचलला. लोखंडी पत्र्यावर घाव.
पुन्हा. पुन्हा.
पडद्यावर रेघा थरथरून बसत होत्या,
आणि सतराव्या घावाला
एक बारकी थरथर भलतीकडूनच आली.
"हे कोण?"
तोरू दोन हातांवर मान खाली घालून उभा,
जसा काही त्या गावचाच नाही.
चोल्पोन हसली नाही. वहीत लिहिलं तिनं:
घाव सतरा, घोडा.

खडकावरून लाट परतते ती सुलट, म्हणाली,
आणि खाली पाणी असेल, चिखल असेल,
तर उलटी होऊन येते,
अंधारात सदरा घातलेल्या माणसासारखी.

वरच्या अंगाला बर्फ खडकाला घट्ट गोठलेला.
खालच्या जिभेपाशी, जिथून आमचा ओढा निघतो,
तिथे सगळ्या लाटा उलट्या.

नारीनच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी
माझ्या नवऱ्याच्या पाठीवर बोटं ठेवून
त्यावर दुसऱ्या बोटांनी अशीच टकटक केली होती.
वर पोकळ, वर पोकळ,
खाली बद्द.
तेव्हाही त्या म्हणाल्या होत्या,
"पुन्हा एकदा बघायला हवं."
चोल्पोनही तेच म्हणाली, वही मिटताना.
ओढ्याकाठी माझ्या लेकीचे बटाटे आहेत,
हे मी तिला सांगितलं.
तिनं वही परत उघडली. तेही लिहिलं.

उतरताना खिंडीतल्या त्या एका दगडावर चढलं
की फोन लागतो.
एर्मेक नोवोसिबिर्स्कला, गोदामात. पाचवं वर्ष.
आवाज त्याचा, पण उशिरानं पोचणारा.
सगळं सांगितलं: पेटी, घण, आठशे सोम,
बापाची पाठ सोडून सगळं.
मग विचारलं, येणार कधी?

तिकडे काही नाही.
मी मोजत राहिले. एक, दोन, तीन, चार.
यातलं जायला किती लागलं, यायला किती?
भागायचं की नाही, ते कळेना.

मग तो म्हणाला, "आई, आत्ता आवाज कसला आला?"

मी वळून पाहिलं.
तोरूनं दगडावर खूर आपटला होता.